भिंतीपलीकडचं हसू

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला मान्य आहे. कुणी कारण नसताना गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. नवरा म्हणतो, तुला बक्षीस मिळालं तरी तू आधी पाकीट उजेडात धरून बघशील. बघेनच. पण आयर्लंडमधल्या नास या गावी राहायला आल्यापासून शेजारच्या आजींवर मात्र मी कधी संशय घेतला नव्हता. पंच्याहत्तरी उलटलेली आयरिश बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटी राहणारी. आमची घरं जोडघरं, मध्ये एकच भिंत. त्यांच्या जिन्यावर पाऊल पडलं की आमच्याकडे कळायचं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचंच नाही असं सरकारने सांगितलं. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या प्लांटवर होता, त्याला जावंच लागायचं. माझं डब्लिनजवळच्या चेरीवूडचं ऑफिस मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसलं. म्हातारी बाई एकटी काय खात असेल, या विचाराने मी डबा द्यायला सुरुवात केली. कधी वरणभात, कधी मटकीची उसळ, कधी भरली वांगी. खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि फाटकापर्यंत मागे यायचं. मग त्या दारात आणि मी फाटकाशी, अशा आमच्या गप्पा व्हायच्या. त्यांच्या गुडघ्याबद्दल, माझ्या मीटिंगांबद्दल, कोपऱ्यावरच्या घरात नवीन कोण आलंय त्याबद्दल. डबा रिकामा परत करायची आमच्यात पद्धत नाही, हे मी एकदा बोलून गेले होते. तेव्हापासून डब्यातून स्कोन यायचे, रुबार्बचा टार्ट यायचा, फ्रूटकेक यायचा. जेवण कसं होतं विचारलं की त्या म्हणायच्या, "लव्हली." उसळही लव्हली, वांगीही लव्हली. इतक्या वेगवेगळ्या पदार्थांना एकच शब्द, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका वाहिनीने एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका दुपारी पुन्हा दाखवायला घेतली. इंग्लंडमधली एक गल्ली आणि त्या गल्लीत राहणारी एक भारतीय बाई. ही बाई सगळ्यांकडे डबे घेऊन जाते. ती येताना दिसली की लोक दिवे मालवतात, सोफ्यामागे लपतात. तिने दिलेलं जेवण कुत्र्याला घालतात आणि कुत्राही पळून जातो. भागामागून भाग हेच, आणि मागे हशा.

इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तिची क्लिप आली आणि सरळ दोन तट पडले. एकाने वाहिनीला पाठवायच्या तक्रारीचा मसुदाच टाकला, सगळ्यांनी सह्या करा म्हणून. "हे आपल्यावर हसणं आहे, विनोद नाही." लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, "चिल मार यार, किती जुनं आहे ते. आपण आपल्या नाटकांत गुजराती आणि मद्रासी कसे दाखवतो ते आठव." एकीने वेगळीच काडी टाकली. "ते जाऊ द्या, पण ती डबे परत आणायला कधी जाते?" त्यावरून आणखी एक दिवस गेला. ऑफिसच्या शुक्रवारच्या कॉलवरही विषय निघाला. एक बाई म्हणाली, साधा क्रॅक आहे, म्हणजे इथल्या भाषेत नुसती गंमत, त्यात काय एवढं? एक जण म्हणाला, असलं काही आता दाखवायलाच नको. मग स्क्रीनवरची सगळी तोंडं माझ्याचकडे बघतायत असं मला वाटलं. "इट्स ग्रँड," मी म्हणाले, म्हणजे ठीक आहे, चालतंय. या देशात अडचणीतून सुटायला याहून सोयीचा शब्द नाही.

खरं म्हणजे ती मालिका माझ्या मनाला लागली नव्हती. त्या बाईचं काम करणारी नटी झकास होती, एकदोनदा मला हसूही आलं होतं. सही मी केली नव्हती.

मग एका दुपारी माझी मीटिंग रद्द झाली आणि भिंतीपलीकडून त्या मालिकेचं संगीत ऐकू आलं. पाठोपाठ आजींचं हसू. खोकला लागेपर्यंत हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी मुद्दाम लॅपटॉप घेऊन त्या भिंतीशी बसले. पुन्हा संगीत, पुन्हा हसू. काल संध्याकाळीच मी त्यांच्या कट्ट्यावर उसळ ठेवून आले होते. ती उसळ पोटात असताना कुणी या मालिकेला इतकं हसेल का? आणि पोटात नसेल, तर ती गेली कुठे?

इथे खरकट्यासाठी तपकिरी बिन वेगळा असतो. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी सकाळी, आमचा बिन सरळ करायच्या मिषाने मी त्यांच्या बिनाचं झाकण उचललं. बटाट्याची सालं आणि चहाच्या पिशव्या. हळदीचा डागसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचा संशय तिथे फिटला असता. माझा वाढला. इतकं स्वच्छ कसं?

"अगं, खाल्लं असेल त्यांनी," नवरा म्हणाला.

"सगळं? इतके महिने?"

"आणि त्यांच्या फ्रूटकेकचं आपण काय करतो? मी प्लांटवर नेऊन वाटतो. तू एक तुकडा तरी तोंडात घातलायस का?"

"त्यात ब्रँडी असते. ते वेगळं."

"वेगळंच तर," असं म्हणत तो शिफ्टला निघून गेला.

आजींचा मुलगा दर रविवारी सामान घेऊन यायचा. दारात पिशव्या ठेवायचा, थोडा वेळ लांबूनच बोलायचा आणि जायचा. त्या रविवारी मी वरच्या खोलीच्या पडद्याआड उभी राहिले. जाताना त्याच्या हातात एक जड पिशवी होती. मी चपला सरकवल्या आणि आमच्या फाटकाशी, कुंडीतलं वाळकं पान खुडत, त्याची वाट अडवून उभी राहिले.

"डबे देणारी तूच का?" मला बघून तो खूशच झाला. "अगं, आमच्या घरी रविवारची वाट बघतात. पोरं भांडतात त्यावरून. मम्मी सगळं फ्रीझरमध्ये जपून ठेवते आमच्यासाठी."

"आणि त्या स्वतः?"

"मम्मी?" तो मोकळेपणाने हसला. "ती बटाट्यावर मिरपूडही घालून घेत नाही!"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दाण्याचं कूट करून, वांग्यांना चिरा देऊन, मसाला भरून मी जे शिजवत होते, ते थेट फ्रीझरमध्ये जात होतं. वर मला लव्हली ऐकवलं जात होतं, आणि दुपारी भिंतीपलीकडे त्याच गोष्टीला बघून हसणं चाललं होतं. मला भयंकर अपमान वाटला. त्या संध्याकाळी मी तक्रारीवर सही केली. ग्रुपवर माझ्या नावाला भराभर अंगठे पडले. एका गटाला मी शहाणी वाटले आणि दुसऱ्याला भांडकुदळ.

डबा बंद केला. आजींनी फोन केला तर ऑफिसचं काम फार आहे म्हणून सांगितलं. नाताळ गेला, नवीन वर्ष आलं, पुन्हा सगळं कडक बंद झालं. दुपारी पलीकडून संगीत येत होतं. पुढे पुढे नुसतं संगीत यायचं, हसू यायचं नाही. तेही मी संशयानेच ऐकलं. म्हटलं, आता तोंड दाबून हसत असतील.

फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर आजी आमच्या फाटकापाशी, बेल वाजवून मागे सरकून उभ्या. अंगात जाड कोट, तोंडाला मास्क, एक हात फाटकावर घट्ट. मधल्या काळात नियम सैल झाले होते तेव्हाही भीतीपोटी ही बाई अंगणाबाहेर पडली नव्हती.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी असं मी ठरवलं होतं. पण तोंडातून निघालंच. "तुम्ही ती मालिका बघता. त्या बाईला हसता. मला ऐकू येतं."

"त्या बाईला?" त्यांचा आवाज चढला. "सोफ्यामागे लपणाऱ्या त्या गाढवांना हसते मी! दार उघडून सरळ नको म्हणायला एकालाही जमत नाही." आणि बोलता बोलता त्या थबकल्या. "मुलगा काय बोलून गेला ते त्याने मला सांगितलं," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही का नाही सांगितलंत? मी बिनतिखटाचं केलं असतं. नाहीतर डबाच आणला नसता."

"तेच तर."

मी त्यांच्या चेहऱ्यावर खोट शोधत होते. सवयच आहे ती. पण मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते आणि ते भरून आले होते.

"पहिल्याच दिवशी एक चमचा खाऊन पोटाची आग आग झाली होती माझ्या," त्या म्हणाल्या. "पण मुलगा सोडला तर माझ्या दाराशी येऊन बोलणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. जेवण चालत नाही म्हटलं असतं, तर तू यायची थांबली असतीस. म्हणून गप्प बसले."

त्यांनी फाटकावरचा हात काढून कोटाच्या खिशात घातला.

"आणि तू थांबलीसच की."