पहिला गळा उस्तादांचा

तुर्कस्तानातल्या तोकात शहराच्या बाजारात रिफ्की उस्तादांचं न्हाव्याचं दुकान होतं आणि तिथे एक नियम होता. शिकाऊ माणसाने वस्तऱ्याने पहिली दाढी करायची ती खुद्द उस्तादांची. नवा शिकाऊ तुंजाय महिनाभर फुग्यांना फेस फासून, ते न फोडता वस्तरा फिरवत हात बसवत होता. आज उस्ताद खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसले.

"कर सुरू. मी जरा डुलकी काढतो."

तुंजायने श्वास रोखून वस्तरा गालावर दाबला.

"दाबतोस कशाला, गाढवा? बटाटे सोलतोयस का? कातडी ताण आणि वस्तरा हलक्या हाताने जाऊ दे."

गाल कसेबसे उरकले, पण तोवर गळ्यावरचा फेस वाळून गेला होता. तुंजाय तसाच वस्तरा टेकवणार, तोच उस्ताद पुटपुटले, "कोरड्यावर चालवशील तर मरेन मी."

त्याने पुन्हा फेस लावला. कंठमण्यावरून पातं उतरताना दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणी चहाचा पेलासुद्धा वाजवला नाही. लाल ठिपका एकच उमटला.

"झोप मोडली नाहीस, म्हणजे जमलं," असं म्हणत उस्ताद आळस देत उठले.

खुर्ची पुसताना तुंजायला तिच्या हातांवरच्या चामड्यात रुतलेल्या नखांच्या ताज्या खुणा दिसल्या. त्यांच्याखाली जुन्या खुणांची जाळी होती, आजवरच्या प्रत्येक शिकाऊच्या वेळची.