आउटपोस्टच्या मॅडम

कोरगावातून तुयेला कामाला जाताना काजूच्या बागांमधून एक उतार लागतो. तिथं आसपास घर नाही. औषधांच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि थोड्याच दिवसांत त्या उतारावर काळी मोटारसायकल दिसू लागली. मी संध्याकाळी परतायचे तेव्हा तो मुलगा झाडाखाली थांबलेला असायचा. काही बोलायचा नाही. माझ्या स्कूटरमागे यायचा आणि आमच्या वाड्यावरचं पहिलं घर दिसलं की वळून जायचा.

मी घरी सांगितलं नाही. या नोकरीला बाबा मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. "रस्तो बरो नाय," हे त्यांचं पहिल्यापासूनचं म्हणणं. ते खरं ठरलं की नोकरी गेलीच, एवढं मला कळत होतं.

त्याच रस्त्यावर पोलिसांचं आउटपोस्ट आहे. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. एका संध्याकाळी मी तिथं स्कूटर थांबवली. आत हवालदार मॅडम एकट्याच होत्या, पातळभाजीत पाव बुडवून खात होत्या. मी दारात उभी राहिले आणि बोलायचं सोडून लायसन्स काढून पुढं धरलं.

"मी मागलंय खंय?" त्या म्हणाल्या. "की पयल्यांदाच गावलां म्हणून दाखवूक इलंस?"

मला हसायचं होतं, पण रडू आलं. मग मी इंग्रजीत सांगू लागले. अवघड गोष्ट मला इंग्रजीत जरा लांब धरून सांगता येते. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकताना हातातला पाव तसाच राहिला.

"हात लायलो? वाट अडवली?"

"नाही."

"तरी तो गुन्होच. तक्रार आत्ता लिवतंय. लिवू?"

"घरी जीप येईल?"

"म्हणजे तुका त्या पोरापरीस जीपीचो भंय जास्त!"

आणि मग त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. मॅडमचं माहेर डिचोलीतल्या नार्व्याचं. आजोबा पोर्तुगीज अमलात गावोगाव पायी फिरणाऱ्या शिपायांत होते. नदीकाठच्या वाटेनं ते येताना दिसले की बायका आत जाऊन दारं लावून घ्यायच्या. "आजोक त्याचो गर्व. म्हणायचो, माका बघून कुत्रोसुद्धा भुंकणा नाय. आता माका, त्याच्या नातीक, बघून सगळे भुंकतत. मी म्हणतंय, बरां चल्लां!"

आमच्या घरीही पोलीस हा शब्द अजून खालच्या आवाजातच उच्चारला जातो. ज्यांना बघून दारं लावायची, त्यांच्या दारात मी स्वतःहून येऊन उभी राहिले होते. दार लावण्यापासून इथवरची ही वाट त्या खात्यातल्या मॅडमसारख्याच कुणाकुणाच्या वागण्यानं झाली असणार.

तक्रारीचं मी उद्या ठरवते म्हटलं. त्यांनी दटावलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मात्र त्या सलवार-कमीज घालून तुयेला आल्या आणि माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. वाटभर बांगड्यांचे भाव मोठ्यानं सांगत होत्या. उतारावर मोटारसायकल मागं लागली, तेव्हा म्हणाल्या, "थांबव."

तोही थांबला. मॅडम चालत त्याच्याकडे गेल्या आणि आपण कोण ते सांगितलं. रोज इथं कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "रस्तो कोणाच्या बापाशीचो नाय."

"नाय मरे. म्हणूनच तिचोय आसा."

त्यांनी त्याचं नाव-गाव विचारून घेतलं, गाडीचा नंबर टिपला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईवडिलांना घेऊन आउटपोस्टवर यायला सांगितलं. तो माझ्याच वयाचा होता. मी त्याचा चेहरा प्रथमच नीट पाहिला.

"आता मिटलं ना?" मी विचारलं.

"त्याच्याकडे अजून एक गोष्ट आसा. तुझ्या घरात कोणाक म्हायत नाय, ही. ती काढून घे गो त्याच्याकडसून."

त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते आधी रस्त्यावर रागावले, मग माझ्यावर. शेवटी म्हणाले, "सोड ती नोकरी." मी म्हटलं, "सकाळी तक्रार द्यायला जातेय. तुम्ही या."

ते आले. पोलिसांची पायरी ते जन्मात चढले नव्हते. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. मॅडम विचारत गेल्या, मी सांगत गेले, आपल्या भाषेत, बाबा शेजारी असताना. त्यांच्याकडे बघायचं मात्र मी टाळलं. सगळं लिहून झाल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "हिका घरात बसवू काय, मॅडम?"

"दादा, वायट वागलो तो. घरात बसवचो तर तेका बसवया. तिच्या येवच्या वेळाक आमची गाडी उतारावर फिरतली, माझी जबाबदारी."

बाबा उठून माझ्या स्कूटरवर मागं बसले. आम्ही घरी परतलो. आई दारातच उभी होती. चपला काढता काढता त्यांनी तिला सांगितलं, "हिचो डबो भर. दुपारसून कामाक जातली."