लाल दिव्यांचा कॉम्प्युटर

“तू खेळला नाहीस, तर मग हे मधेच अडकतं कामून?”

“नाना, आईच्यान सांगतो, गेम म्हणून हात लावला नाय!”

“अन् हे लाल-निळे दिवे? माझ्या नातवाच्या गेमच्या डब्याला असलेच दिवे हायत. मला खुळ्यात काढतो व्हय?”

“दिवे म्या लावले का त्याला? येतानाच घेऊन आला ना त्यो!”

कारखान्यातल्या काचेच्या खोलीत मालक नानासाहेब आणि यंत्रावर भाग मोजणारा इंद्रजीत असे समोरासमोर उभे होते. मधे खुर्चीवर पद्मजाताई. मान खाली.

ज्या वर्षी दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, त्या वर्षी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत मात्र रोज नवी शेड उभी राहत होती. नानासाहेबांची करमाडकडची जमीन त्यातच गेली आणि मोबदल्याच्या पैशातून त्यांनी गाड्यांचे सुटे भाग करायचा कारखाना काढला. भाग मापात आहे की नाही, हा शब्द पद्मजाताईंचा. ताईंनी मोजलं म्हणजे मोजलं, असं सगळेच म्हणत. उस्मानपुऱ्यात त्यांच्या गल्लीत टँकर आला की पाइपही त्यांच्याच हातात देत. मग कुणाचा हंडा उणा राहिला म्हणून भांडण होत नसे.

यंदा मोजायचं नवं यंत्र आलं. त्याची सुई भागाला टेकत जाते आणि पडद्यावर त्या भागाचं चित्र फिरतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी आधीच कळवलं होतं: कॉम्प्युटर अशा जड कामासाठीचा, म्हणजे वर्कस्टेशनच घ्या; पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड आम्ही तपासलेलंच हवं, गेमचं चालणार नाही. ताईंनी ते वाचलं आणि तरी गेल्या धाकट्या भावाकडे. सुयशचं कॉम्प्युटरचं दुकान नवं, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

“ताई, त्यांच्या ठोकळ्याच्या दुप्पट पळतो हा! डोळे झाकून ने.”

सॉफ्टवेअरवाल्यांना एक फोन करून विचारायचं होतं. ‘नको’ म्हणतील या धास्तीनं त्यांनी तो केलाच नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा नानासाहेबांनी नारळ त्यांच्याच हातात दिला. “तुम्ही निवडलाय, पूजा तुमचीच.” कुंकवाचं बोट अजून त्या डब्यावर होतं. आणि मोठा भाग मोजायला घेतला की चित्र अर्ध्यात थिजत होतं. शेवटी काल, जिन्यात आडोशाला उभं राहून, त्यांनी तो फोन केला. उत्तर सरळ होतं: “मॅडम, हे गेमचं कार्ड आहे. अडकणारच.”

“पोरीची शपथ घे,” नानासाहेब म्हणाले.

इंद्रजीतनं ताईंकडे पाहिलं. “ताई, तुमी सांगा ना. दिवसभर तुमच्या नजरेसमोर असतो की म्या!”

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सुयशचं दुकान, तो नारळ, ती गल्ली... तोंडातून निघालं ते एवढंच, “बघते मी.”

“बघ! तू खेळला नाहीस असं ताईबी म्हणेनात,” नानासाहेब म्हणाले.

“माझ्या चिमीची शपथ,” इंद्रजीत हळूच म्हणाला. “म्या नाय खेळलो.”

चिमीला ताईंनी संक्रांतीला मांडीवर घेऊन तिळगूळ भरवला होता.

“तरी उद्यापासून तू भाग धुवायला जा.”

इंद्रजीत पांढरा कोट उतरवू लागला. एक बाही निघाली, दुसरी निघाली.

“नानासाहेब,” पद्मजाताई उठल्या, “गेम कुणीच खेळलं नाही. कॉम्प्युटरच चुकीचा आहे. मला सांगितलं होतं, तरी मी आणला. काल पक्कं कळलं.”

“तुमच्या भावाच्या दुकानातून ना?”

“हो.”

“म्हटलं, ताई घेतायत, मग आपण काय विचारायचं.” नानासाहेब एवढंच बोलले. चार शिव्या दिल्या असत्या तर ताईंना बरं वाटलं असतं.

“कालच कळलं?” इंद्रजीतनं विचारलं.

“हो.”

“मंग आत्ता शपथ घेतली, तवा...”

ताईंना मान वर करवेना. “चुकलं माझं. उद्या इथंच बसा, इंद्रजीत. बसाल ना?”

त्यानं कोट खुंटीला लावला, कॉलर नीट केली. आणि बाहेरची धूळ यंत्रावर येऊ नये म्हणून काचेचं दार नेहमीसारखं अलगद ओढून घेत तो निघून गेला.