एकादशीची भरती

नायगावच्या चाळीतल्या एका खोलीत मी सासूबाईंबरोबर सव्वीस वर्षं काढली. मध्ये एक पडदा. अलीकडे आमचा संसार, पलीकडे त्यांचं खोकणं. चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला अठराव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला, आणि दोन महिन्यांत त्यांनी आपणहून जाहीर केलं, "मला नाय करमत हितं. दारं लावून बसतात मेले. मी आपली गावाला जाते." मी तोंडदेखलं "अहो आई, असं काय" म्हटलं आणि मनात त्यांच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवून टाकलं. मला एक खोली हवी होती, जिचं दार मी आतून लावू शकेन. बाकी काही नाही.

पण माझा नवरा! आईला गावची खाडी आठवते ना, मग मी खाडीच घरात आणतो, म्हणाला. तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघितले. धड गोडं नाही, धड खारं नाही, अशा मचूळ पाण्याचा फिशटँक. त्या व्हिडिओतला एकेक शहाणा असा बोलायचा, जणू समुद्रात मीठ त्यानेच टाकलंय. आणि आमचं ध्यान वहीत टिपून घ्यायचं. मी परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. रोज नाही नाही ते नमुने बघते. पण घरच्या नमुन्याची सर कुणाला नाही.

सासूबाईंच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, खिडकीखाली चार फुटी काचेची टाकी आली. निळे-गुलाबी दगड आले. पाणी गरम ठेवायला हीटर आला. मुंबईत! जिथे माणूस पंख्याखाली उकडून मरतो तिथे माशांना हीटर! खारटपणा मोजायचं एक काचेचं यंत्रही आलं, ते तर नवरा देवाच्या मूर्तीसारखं दोन्ही हातांत धरायचा. शेवटी क्रॉफर्ड मार्केटमधून पिशवीत पाच मासे आले. दुकानदाराने सांगितलं होतं, पाण्याबाहेर चालणारा मासा आहे, खास परदेशातून येतो.

पिशवी सोडली तसे पाचही जण टाकीतल्या लाकडावर चढून बसले, डोळे वर काढून. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं.

"अरे मेल्या, ही तर निवटी!"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टणाटण उड्या मारतो तो बोटभर मासा. शिवडीच्या चिखलात हवा तेवढा. कोळणी वाटे लावून विकतात, आणि आमच्याकडे त्याचं कालवण होतं. "कालवणाचा मासा पाळायला आणलास?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. टॉवरमध्ये आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मीही हसले, नवऱ्याचं तोंड बघून. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कारण दुसऱ्या दिवसापासून टाकी त्यांची झाली. हीटर बाहेर, रंगीत दगड बाहेर. नवऱ्याला शिवडीला पिटाळून दोन गोणी चिखल आणवला. काय तो वास! टॉवरची लिफ्ट दोन दिवस घमघमत होती आणि सोसायटीचा सेक्रेटरी मला जाब विचारत होता. पाण्याचा खारटपणा त्या यंत्राने नाही, बोटाने बघायच्या. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं. "अळणी हाय. अजून मूठभर टाक." नंतर यंत्र घालून बघितलं तर अगदी बरोबर. नवरा कौतुकाने माझ्याकडे बघायचा. मी नाक मुरडायची.

मग निघाली भरती-ओहोटी. निवटीला भरती-ओहोटी लागते, म्हणे. खाडीकाठच्या लोकांचा हिशोब असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून त्या वेळ सांगणार. ओहोटीला टाकीतून दोन बादल्या पाणी काढायचं, भरतीला ड्रममधलं दोन बादल्या ओतायचं. आणि तो ड्रम आदल्या संध्याकाळी भरून, ब्लीचिंग उडावं म्हणून रात्रभर उघडा ठेवून, त्यात मीठ कालवणार कोण? मी. मुलगा आईच्या खाडीचं कौतुक करणार आणि बादल्या सून उचलणार. दशमीला भरती साडेसातची. गॅसवर पोळी, डब्यात भाजी, आणि आतून हाक, "पाणी चढायची वेळ झाली गो!" माझं डोंबल!

एवढं करूनही मी विचारलंच, गावाला कधी निघताय. "ह्यांना सोडून कशी जाऊ?" त्या म्हणाल्या. "आता हितंच बरं वाटतं." नवऱ्याला तर आकाश ठेंगणं झालं.

पुढे जे केलं ते मी मुद्दाम केलं. चुकून वगैरे नाही.

ओतायच्या आधी त्या प्रत्येक बादलीची चव घ्यायच्या. फक्त एकादशीला नाही. मासे खाणारी बाई, पण एकादशी कडक निर्जळी, तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्या एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मी ड्रम रिकामाच ठेवला. सकाळी, सव्वाआठच्या भरतीला, थेट नळाचं पाणी भरलं, ब्लीचिंगच्या वासाचं, मिठाचा कण नसलेलं. त्या बादलीशी आल्या. बोट पाण्यापर्यंत गेलं आणि थांबलं.

"मीठ घातलंस ना गो?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी बोट मागे घेतलं आणि मला ओतायला सांगितलं. मी दोन्ही बादल्या ओतल्या, चप्पल घातली आणि ड्यूटीला गेले. दिवसभर खिडकीवर लोकांवर खेकसत राहिले. संध्याकाळी घरी आले तेव्हा तीन मेले होते. नवरा रात्री उशिरा आला आणि तसाच झोपला, त्याने टाकी बघितलीच नाही. उरलेले दोन सकाळपर्यंत गेले.

द्वादशीला सकाळी त्यांनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. मी उपास सोडायला भात-वरणाचं ताट वाढून ठेवलं. त्या ताटावर बसल्याच नाहीत. टाकीपाशी गेल्या, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. एका दिवसाचा निर्जळी उपास त्या बाईने त्या पाण्यावर सोडला.

मग उघड्या दारातून स्वयंपाकघरात माझ्याकडे बघितलं. मी कढईत उगाच कालथा फिरवत होते.

एवढ्यात नवरा उठून आला. मेलेले मासे बघून लहान पोरासारखा ओरडला, "आई, हे काय झालं?"

"माझंच चुकलं रे," त्या म्हणाल्या. "काल मीठ मी घालते म्हटलं नि राहिलं माझ्याकडनं."

माझं हे तोंड, दिवसभर खिडकीवर वाजणारं, सेक्रेटरीला गप्प करणारं, तेव्हा उघडलं असतं तर! नाही उघडलं. सासूबाई गार झालेल्या ताटावर येऊन बसल्या, सगळं जेवल्या, वरण चांगलं झालंय म्हणाल्या.

आठवड्याभरात त्या गावाला गेल्या. जाताना मी वाकून नमस्कार केला तर पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखाच. नवरा त्यांना परळच्या एसटी स्टँडवर सोडून आला, तेव्हा मी माझ्या खोलीत होते. दार मी लावलं नव्हतं. तो रिकाम्या टाकीजवळ येऊन उभा राहिला.

"वय झालं गं आईचं," तो म्हणाला. "मीठ घालायचंसुद्धा लक्षात राहत नाही आता."

"हो," मी म्हटलं.