फायनलला बाहेर बसलेला गोलकीपर

आमच्या कंपनीचं पोस्टिंग नियंत्रण रेषेजवळ झालं, तेव्हा लान्स नायक सलीम मुलाणी माझ्याच सेक्शनमध्ये होता. आम्ही दोघं आष्ट्याचे. एकाच वर्गातले, शाळेच्या एकाच फुटबॉल टीमचे. तो गोलकीपर, मी बॅक.

गावात मान कुस्तीला आणि गर्दी क्रिकेटला. फुटबॉल आमच्यासारख्यांना उरला होता. उसाला लागून मैदान होतं, खेळायचं अनवाणी. सलीम खडीवर बिनधास्त अंग टाकायचा. सांगलीला जिल्ह्याच्या फायनलपर्यंत गेलो ते त्याच्या जिवावर.

फायनलच्या सकाळी सरांनी त्याला बाहेर बसवलं आणि गोलमध्ये शिरीषला उभं केलं. शिरीष शाळेच्या चेअरमनचा मुलगा. सरावाला कधी आला नव्हता. नवे बूट आणि ग्लोव्हज मात्र होते.

"वरनं सांगितलंय," सर माझ्याकडे न बघता म्हणाले.

पहिला बॉल आला तसं शिरीषने तोंड फिरवलं. चार गोल खाऊन आम्ही हरलो. परतताना तो आमच्याबरोबर एसटीत नव्हता. वडिलांची जीप होती.

पुढे सलीम आणि मी भरती झालो. शिरीष पुढारी झाला. समोरून येणारा बॉल ज्याला बघवत नाही, त्याला दुसरं काय जमणार?

नियंत्रण रेषेवर एका सकाळी आमची गस्तीची तुकडी नाला ओलांडत होती. समोरच्या डोंगराच्या धारेवरून फायर आला. आम्ही खडकाआड गेलो. दोन जवान जखमी होऊन उघड्यावर पडले. रेडिओ माझ्याकडे होता, पलीकडे आमची चौकी.

"दोन कॅज्युअल्टी. कव्हरिंग फायर द्या. ओव्हर."

"देतोय. आणायला एकच माणूस पाठवा. ओव्हर."

"मी जातो," सलीम म्हणाला.

पहिल्याला त्याने ओढत आणलं. मी म्हणालो, "दम घे जरा."

"त्यो वरडतोय रं," म्हणाला आणि परत गेला.

दुसऱ्याला खडकाआड ढकलताना त्याला गोळी लागली. हेलिकॉप्टर येण्याआधी सलीम गेला. ते दोघे वाचले.

मी आता पेन्शनवर आहे. मध्यंतरी आष्ट्यात सलीमच्या नावाने फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. फ्लेक्सवर शिरीषदादा पुरुषभर उंच, सलीम पोस्टाच्या तिकिटाएवढा. दादांनी भाषण ठोकलं.

"सांगलीच्या फायनलला मी आणि सलीम खांद्याला खांदा लावून खेळलो."

टाळ्या पडल्या. फ्लेक्स मोठा असला की त्या पडतातच.

सलीमची आई, जैनबचाची, पुढच्या रांगेत होती. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "आवं दादा, सलीम तर भाईर बसला हुता न्हवं?"

"चाची, जुनं झालं ते," दादा हसले.

मी स्टेजवर गेलो, माइक घेतला. "सलीम बाहेर होता. गोलमध्ये हे होते. चार गोल खाल्ले." एवढंच बोलून खाली उतरलो. दादांना तातडीचा फोन आला. अशा माणसांना फोन बरोबर वेळेवर येतात. गाडी निघून गेली.

पलटणीत इतकी वर्षं एकत्र काढली, पण सलीमने त्या मॅचचा विषय माझ्याकडे कधी काढला नाही. म्हणून चाचीला घरी सोडताना विचारलं, "त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला तो?"

"काय म्हणणार? हातपाय धुतलं, जेवाय बसला. म्हणला, अम्मी, आज आमी हरलो."