टाके पोटाला, हार गळ्याला

चहा होईपर्यंत ऐका. हसायचं तर हसा, पण पोट धरून हसू नका. पोटापायीच तर माझा सगळा घोळ झालाय!

बहात्तरच्या दुष्काळानंतर दहा-बारा वर्षांनी परत तसाच कोरडा पावसाळा गेला, त्या साली. मी उमरग्याजवळच्या एका गावात, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीचा सेक्रेटरी. आणि माझं पोट? अहो, माझ्याआधी ते कचेरीत पोचायचं! आता तुम्हीच सांगा, गावात प्यायला पाणी न्हाई, जनावरांच्या बरगड्या वर आलेल्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं पोट असं! लोक गप बसतील व्हय?

"सोसायटी कुठं गेली रं?"

"ती काय, सदऱ्याच्या आत!"

एक पै खाल्ली नव्हती हो. पण पोटाला कोण समजावणार?

चिडलो. भात सोडला, गोड सोडलं, रोज रानोमाळ पायपीट केली. वर्षभरात पार वाळलो. पाऊस त्याही साली रुसलेलाच. गालफडं बसली, डोळे खोल गेले. पण पोटाची कातडी? ती कुठं जाते! रिकाम्या पोत्यागत मांड्यांवर लोंबायला लागली. उन्हाळ्यात तिच्याखाली घाम साचायचा, चट्टे उठायचे, नुसती आग आग. आणि पारावर नवीनच सुरू झालं, "माल हलिवला, पोतं ऱ्हायलं!"

मग कुणीतरी सांगितलं, ही कातडी ऑपरेशननं काढता येते. निघालो डॉक्टर शोधायला. पहिले भेटले ते म्हणाले, "त्यात काय एवढं! उद्या या, अर्ध्या तासात उडवतो."

मी खूश! पण आमची शांता, म्हणजे आमची मंडळी, तिथंच अडली. "डॉक्टरसाहेब, असलं ऑपरेशन तुमी आधी केलंय?"

"मूळव्याध लई केल्यात बाई."

"मूळव्याध न्हाई इचारली मी." तिनं माझा दंड धरला आणि सरळ बाहेर काढलं.

शेवटी सोलापूरला एक सर्जन मिळाले, ह्याच कामाचं शिक्षण घेतलेले. घाई न्हाई, गडबड न्हाई. सगळं तपासलं आणि म्हणाले, "हे बारीक व्हायचं ऑपरेशन नाही. बारीक तुम्ही झालातच. मी फक्त जास्तीची कातडी काढणार. कमरेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील, तो जन्मभर. दुखेल. कधी पू होतो, कधी टाके उसवतात. तसं झालं तर कुठल्याही वेळी माझ्याकडं या."

मला घाम फुटला. शांता मात्र हरखली. "हेच डॉक्टर! काय काय बिघडंल, ते आधी सांगत्यात."

झालं ऑपरेशन. आणि बरं होणं म्हणजे काय असतं, ते मला विचारा! पोट असं ताणलेलं की ताठ उभं राहता येईना. सुई हरवल्यासारखा वाकून चालायचो. पोटावर वीतभर रुंद पट्टा, करकचून आवळलेला. खोकला आला की उशी पोटाशी धरायची, शिंक आली की आई आठवायची. एकदा बसलो की उठवायला माणूस लागायचं. आणि थकवा! ताटावरून हात धुवायला उठायचंय, ह्या नुसत्या विचारानं मला दम लागायचा.

सगळे टाके अजून निघायचे होते, पण मला घराची ओढ. डॉक्टर म्हणाले, "जा, पण जपून." सोलापूर ते नळदुर्ग, नळदुर्ग ते उमरगा, यष्टीनं एक खड्डा चुकवला न्हाई आणि माझ्या पोटानं एकही विसरला न्हाई. उतरलो तेव्हा अंगात जीव नव्हता. ऊन तर असं, की पायाखाली डांबर मऊ लागतंय.

शांता म्हणाली, "तुमी जरा सावलीला बसा. मी गावाकडची गाडी कुठं मिळते का बघून येते."

आता सावली कुठं? समोर तहसील कचेरीच्या दाराशी एक मांडव होता. आत सतरंजी, तिच्यावर पाच-सहा माणसं. मी काही बघितलं न्हाई, काही वाचलं न्हाई. गेलो आणि टेकलो.

इथंच फसलो!

शेजारी गुंडाप्पा नावाचे एक म्हातारबा डोळे मिटून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला. माझी गालफडं बघितली.

"कवाधरनं?"

मला वाटलं, दुखणं विचारतायत. "मागल्या मंगळवारपासून."

"अबाबा! आमी तर कालधरनं बसलाव. आन् घरच्यांनी आडिवलं न्हाई?"

"आडवतंय कुठलं! बायकोच घेऊन आली."

"लई सोसलं बाबा तुमी."

"काय करणार आजोबा? लोकांची बोलणी ऐकवंनात. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी! मागं वळून त्यांनी हाक दिली, "आरं, ह्यो गडी मागल्या मंगळवारधरनं उपाशी हाय! बायकूनं सोता आनून बसिवलंय!"

उपाशी? मी मान वर केली. मांडवावर फडकं लावलेलं, 'जनावरांची छावणी चालू करा. आमरण उपोषण.'

आणि मी भानावर येईतो गळ्यात हार!

उठावं म्हटलं तर उठवंना. एकाच्या पुढं हात केला, "जरा धरा मला." तर तो निघाला पुढारी! त्यानं माझा हात धरून आभाळाकडं नेला आणि आरोळी ठोकली, "छावणी…" लोक गरजले, "झालीच पाहिजे!" हातासंगं सदरा वर गेला. पट्टा उघडा पडला.

"बघा, बघा! भूक मारायला पोट आवळून बसलाय!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले.

सांगून टाकावं का खरं? तोंड उघडलंही होतं मी. पण मांडवापाशी लोकांची गुरं बांधलेली, त्यातली एक गाय कनातीचं बारदान चावत होती. तिच्याकडं बघत, एवढ्या लोकांत, 'मी कातडी कमी करून आलोय' म्हणायची छाती तुम्हाला झाली असती? मला न्हाई झाली.

तेवढ्यात उपोषणवाल्यांना तपासायला सरकारी डॉक्टर आले. त्यांनी पट्टा सैल केला, आत बघितलं आणि थबकले. मी हात जोडले. ते कानाशी वाकले.

"कुणी केलं?"

"सोलापूरला."

"हात सुरेख आहे." मग उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "ह्या माणसाला आत्ताच्या आत्ता हलवलं पाहिजे!"

आता ह्यात खोटं काय होतं?

तहसीलदारसाहेब लिंबाचं सरबत घेऊनच धावत आले. "अहो, छावणीचा हुकूम सकाळीच आलाय! तेच सांगायला मी निघालो होतो. उद्या चालू होतेय."

पहिलं वाक्य ऐकतंय कोण? 'उद्या चालू' एवढंच लोकांनी ऐकलं आणि सगळे माझ्या पाया पडायला लागले. माझा चेहरा शरमेनं कसनुसा झाला. सरबताचा पेला पुढं आला, तेव्हा मी म्हटलं, "मला नको, आधी आजोबांना द्या." खरं उपाशी तेच होते हो! तर पुढारी ओरडला, "बघा, किती थोर मन!"

आणि म्हणाला, "उचला रं ह्यास्नी!"

"नको! अरे नको! माझे टा…"

उचललं की हो! चौघांनी खांद्यावर घेतलं. पोटात कळ अशी गेली की डोळ्यांपुढं काजवे. मी बोंब मारली, "मेलो! मेलो!"

खाली सगळा बाजार गरजला, "अमर रहे! अमर रहे!"

अशी मिरवणूक रस्त्याला लागली आणि समोर शांता, बैलगाडीवाल्याला घेऊन उभी. तिनं कपाळावर हात मारला. "अहो, मी तुमाला सावलीला बसवून गेले व्हते!"

ती बैलगाडी गावाकडं गेलीच न्हाई. तिनं आम्हाला परत स्टँडवर सोडलं. तीच यष्टी, तेच खड्डे, तेच सोलापूर. दोन टाके उसवले होते.

सर्जनसाहेबांनी पोट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. आवाज शांतच. "काय उचललंत? बादली? पोतं?"

म्हटलं, "न्हाई साहेब. म्या कायबी उचललं न्हाई. मलाच उचललं."