वहीतली नववी सूचना

चीनला निघालेल्या माणसाला सल्ले द्यायला मला फार आवडायचं. बोईसरच्या एका कारखान्यात मी खरेदी खात्यात आहे. यंत्रं बघायला दोनदा तिकडच्या एका बंदराच्या शहरात जाऊन आलो, एवढंच माझं भांडवल. पण तारापूरकडच्या आमच्या कोळीवाड्यात तेवढंही पुष्कळ होतं. त्या जोरावर मी एक-दोन वर्षं चांगलीच शेखी मिरवली.

मग माझ्या काकांच्या जावयाला त्याच शहरात जहाजाच्या कंपनीत नोकरी लागली. चुलत बहीण बाळाला घेऊन तिकडे गेली आणि सहा महिन्यांनी तिने आईवडिलांना बोलावून घेतलं. काका म्हणजे उभा जन्म तांडेल, बोट चालवणारा माणूस. बोट विकली तरी गावातली पोरं समुद्रात जायच्या आधी त्यांच्या ओट्यावर येऊन विचारायची, ‘काका, पानी कदी भरल?’ काका तिथी विचारायचे, तिला पाऊणने गुणायचे आणि पुऱ्या भरतीची वेळ सांगायचे. पुनवेला आणि अवसेला दुपारचे बारा धरायचे, तिथून पुढे बीजेला दीड, चौथीला तीन. आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब सहसा चुकत नाही.

तर काका एका रविवारी नवी कोरी वही घेऊन माझ्या बोईसरच्या खोलीवर आले. ‘लिव रं मला सगला,’ म्हणाले. ‘तित ग्येल्यावर कोनाला विचारायचा नाय मला.’

मीही मोठा शहाणा, लागलो लिहायला. हॉटेलचं आणि घराचं नाव त्यांच्या लिपीत लिहिलेला कागद खिशात ठेवा, हरवलात तर टॅक्सीवाल्याला दाखवा. फिरायच्या ठिकाणी तिकिटालासुद्धा पासपोर्ट लागतो. सगळे मोबाईलवरून पैसे देतात, ते मुलीकडून चालू करून घ्या. आपला व्हॉट्सअॅप तिथे चालत नाही. जेवताना गरम पाणी देतात, थंड मागत बसू नका. संडासात कागद नसतो, तो स्वतःचा न्या. लोक येऊन तुमच्यासोबत फोटो काढतील, रागवायचं नाही. सुट्टीच्या आठवड्यात किनाऱ्यावर जाऊ नका, पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

आठ सूचना झाल्या. एकेक सूचना ऐकताना काका लहान होत चालले होते. मला ते दिसत होतं. हे मुलीला विचारा, ते कागदावर दाखवा. आठवी लिहून झाल्यावर ते म्हणाले, ‘तित ती बेटावर जायची वाट हाय ना, पानी उतरल्यावर उगडते ती? पोरीने फोटो धाडलाय. पानी आपल्यावानीच ना रं तितला?’

आता जे झालं ते सरळ सांगतो, आडवळणं घेत नाही. मला उत्तर माहीत होतं. माझ्या दुसऱ्या फेरीत तिथल्या माणसांनी मला ती वाट बघायला नेलं होतं. वटपौर्णिमा होती, बायकोचा घरी उपवास होता, म्हणून तिथी पक्की लक्षात आहे. पुनवेच्या दुपारी बारा वाजता आमच्या धक्क्याच्या वरच्या पायरीला पाणी लागतं. तिथे त्या वेळी वाट कोरडी पडली होती आणि बायका सँडल हातात घेऊन बेटाकडे चालल्या होत्या. मी तांडेलाचा पुतण्या, मला ते खटकलंही होतं. सगळं नेमकं उलटं. वाटेच्या तोंडाशी वेळांची पाटी होती, तीही फक्त त्यांच्या लिपीत.

पण काकांचं तोंड बघून ते बोलायला जीभ रेटेना. एवढी एक गोष्ट तरी त्यांना कळणारी असू दे, असं वाटलं. मी म्हटलं, ‘पाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार?’ आणि नववी सूचना लिहिली. ‘समुद्राची काळजी नको. तिथलं पाणी आपल्यासारखंच. तिथी धरून चालावे.’ काका खुलले. वही मिटून पिशवीत ठेवली आणि जाताना मासळी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत मला सोबत घेऊन, पुनवेचं पाणी किती जोराचं असतं ते सांगत राहिले.

पुढचं मला बहिणीकडून फोनवर कळलं आणि थोडं नंतर काकीकडून. ती बेटाची वाट बघायला गेले त्या दिवशी बीज होती. दुपारी अडीचच्या सुमाराला काका, काकी आणि बहीण किनाऱ्यावर पोचले. बहीण बाळाला घेऊन तिकीटखिडकीजवळ सावलीला बसली. काकांनी हिशेब केला की दीडला भरती झाली, आता तासभर ओहोटी लागलेली आहे, भरती होऊनही वाट उघडी राहिली म्हणजे आता पाणी उतरतच जाणार. दोघं निघाली. अर्ध्या वाटेवर काका थांबले. दगडांकडे बघून म्हणाले, ‘पानी चडताय का काय?’ काकी म्हणाली, मागे फिरू. तेव्हा त्यांनी पिशवीतून वही काढली, नववी सूचना वाचली आणि म्हणाले, ‘नाय, त्याने बगलाय.’

हे काकीने सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवायलाही विसरलो.

काकांचे डोळे बरोबर होते आणि त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला. किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्याने शिट्ट्या मारल्या, पण तोवर दोन्हीकडून पाणी वाटेवर आलं होतं. काकी शेवाळ्यावरून घसरली आणि डाव्या हातावर पडली. रबरी होडी येईपर्यंत काकांनी तिला धरून ठेवलं. दोघं वाचली. काकीचं मोडलेलं मनगट मात्र तिथल्याच इस्पितळात बसवावं लागलं आणि ते नीट बसलं नाही.

परत आल्यावर काका सगळ्यांना सांगायचे, ‘हिशेब चुकला माजा, वय झाला.’ वहीचा विषय त्यांनी कुठे काढला नाही. गावातले टवाळ ‘चीनच्या पाण्यात बुडलेला तांडेल’ म्हणून चिडवायला लागले. एका लग्नात माझ्यासमोर कुणीतरी तसं बोललं आणि सगळे हसले. मीही हसलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पोरं आता पाणी विचारायला आली की काका म्हणतात, ‘मोबाईलवर बग.’

वर्षभर मी त्यांच्याकडे जायचं टाळलं. ड्युटी, ओव्हरटाइम, सबबींना काय तोटा. गेल्या महिन्यात शेवटी गेलो. अंगणात बोंबील सुकवायचं काम चाललं होतं. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवून जोडी बांबूवर टांगायची असते. त्याला दोन्ही हातांची बोटं लागतात. गावात काकीइतका वेग कुणाला नव्हता. आता तिची डावी मूठ मिटत नाही. म्हणून ती नुसती बोंबील पुसून देत होती आणि जोड्या काका लावत होते, सावकाश, चुकतमाकत.

मी शेजारी बसलो आणि म्हणालो, ‘काका, तिथलं पाणी उलटं आहे हे मला माहीत होतं. मी बघितलं होतं.’

काकांचा हात थांबला नाही. ‘मंग बोललास का नाय?’

‘तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

त्यांनी आणखी दोन जोड्या लावल्या. मला वाटलं, ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘वाईट वाटला असता,’ काका म्हणाले. ‘दोन दिवस वाटला असता. तुजी काकी गल्यापरेंत पान्यात व्हती रं.’

काकी खाली मान घालून बोंबील पुसत होती. तिने सगळं ऐकलं होतं.